केप टाउनहून आईला

ती. आई-बाबांना सा. न.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, वस्ती कशी आहे आणि कामाला येते ती बाई विश्वासू आहे ना. तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

वस्ती छान आहे, टेबल माउंटनच्या पायथ्याला. जवळच डिस्ट्रिक्ट सिक्स आहे. एके काळी तिथे नाना रंगांची, नाना धर्मांची माणसं दाटीवाटीने राहायची. १९६६ मध्ये तेव्हाच्या वर्णभेदी गोऱ्या सरकारने तो भाग फक्त गोऱ्यांचा म्हणून जाहीर केला आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत साठ हजारांवर माणसं उचलून दूर केप फ्लॅट्सच्या रेताड माळावर नेऊन टाकली. घरं पाडली, चर्च आणि मशिदी तेवढ्या राहिल्या. पुढे तिथे कितीतरी जागा नुसतं गवत माजून पडून राहिली. मग हाकललं कशाला?

तिथल्या संग्रहालयात जमिनीवर जुन्या गल्ल्यांचा मोठ्ठा नकाशा आहे. जुने रहिवासी आपलं घर होतं तिथे नाव लिहून जातात. ऑफिसमधल्या मैत्रिणीने मला तिच्या आजीचं नाव दाखवलं. मग उकिडवी बसून, बोट सरकवत, "इथे न्हावी, इथे मासेवाला" असं कितीतरी वेळ सांगत राहिली. हिचा जन्म सगळं पाडल्यानंतरचा!

आता बाई. ती खायेलित्शाला राहते, इथून तीसेक किलोमीटर. ती वस्ती १९८३ मध्ये काळ्या लोकांसाठी मुद्दाम शहराबाहेर वसवली. १९९४ मध्ये ते गोऱ्यांचं राज्य गेलं, पण घरं आहेत तिथेच राहिली. पहाटे उठून, शेअर टॅक्सी बदलत ती येते. उशीर झाला की शेजारीण म्हणते, "हे लोक असेच." (तीही आपल्यासारखीच बाहेरून आलेली, बरं का.) मी बाईला दहापर्यंत ये म्हटलंय, आणि टॅक्सीचं भाडं पगारात न धरता वेगळं देते. विश्वासाचं म्हणशील तर घराची एक किल्ली तिच्याकडेच असते.

आपल्या मावशींचा कप अजून मोरीपाशी वेगळा असतो का गं? बाबा म्हणतील, पोरगी तिकडे जाऊन शहाणी झाली. म्हणू देत. पण दिवाळीत मी येईन तेव्हा तो कप मला तिथे दिसू नये. आणि खाड्याचे पैसे कापण्याआधी, जनता वसाहतीतून इतक्या सकाळी त्या कशा येतात, एवढं विचार.

गोडा मसाला संपत आलाय. कोणी इकडे येणार असेल तर अर्धा किलो पाठव.

तुझी,
मनू