पाण्याची बाटली भरलेलीच परत का येते?

संपादक महोदय,

विदर्भातल्या शाळा सुरू झाल्या, पावसानेही जोर धरला. कापसाची गादी दोन-दोन दिवस वाळत नाही. अशा दिवसांत एक तक्रार हमखास कानावर येते, तीही कुजबुजत: पोरगा आठ वर्षांचा झाला, पण झोपेत लघवी करतो. बहुतेक घरांतला उपाय ठरलेला, संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. आमचे म्हणणे असे की, रात्रीचे पाणी तोडण्याआधी सकाळी भरून दिलेली बाटली शाळेतून कितपत रिकामी होऊन आली, ते एकदा पाहावे.

आधी थोडे आकडे. पाचव्या वर्षी शंभरातल्या साधारण १५ मुलांचे अंथरूण ओले होते, दहाव्या वर्षी साधारण पाचांचे, पंधराव्या वर्षी एखाद-दुसऱ्याचे. दर वर्षी यातल्या सुमारे १५ टक्के मुलांचे आपोआप थांबते. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या वर जाते, दोघांना असेल तर ७५ टक्क्यांच्या आसपास. आजीला विश्वासात घेऊन विचारले की रागावणाऱ्या बाबांचाच इतिहास बाहेर येतो! कारणे मुख्यतः तीन. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक वाढवते, ते काही मुलांत पुरेसे वाढत नाही. काहींचे मूत्राशय वयाच्या मानाने कमी लघवी धरते. आणि जवळपास सगळ्यांतच ‘भरले’ हा निरोप झोप मोडू शकत नाही. यात आळस नाही, हट्टही नाही. म्हणून मार, टोमणे, भावंडांसमोर चादर दाखवणे यांनी काहीच साधत नाही, उलट मूल लपवायला शिकते.

आता बाटलीकडे. शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी नसते, पाणी नसते, वास असतो. तासाला हात वर केला तर ‘आत्ताच तर सुट्टी झाली’ असे ऐकावे लागते. मूल त्यातून सोपा मार्ग काढते: पाणीच प्यायचे नाही. लघवी दाबायची, शौचही दाबायचे. साडेपाचला व्हॅनमधून उतरले की अर्धा लिटर पाणी घटाघटा, मग चहा, ट्यूशन, नऊला जेवण, त्यावर पेलाभर दूध आणि दहाला झोप. दिवसभराचे पाणी चार तासांत पोटात गेले, तर ते बाहेर पडणार रात्रीच.

चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला एक ते १.४ लिटर पेय लागते, आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. ते कमी करायचे नाही, वेळ बदलायची. साधारण ४० टक्के दुपारच्या डब्यापर्यंत, ४० टक्के शाळा सुटून घरी येईपर्यंत, उरलेले २० टक्के संध्याकाळी. जेवण झोपेच्या दोन तास आधी. संध्याकाळचा चहा आणि कोला बंद, खारट चिवडा-फरसाणही दुपारीच. दिवसा दर दोन-तीन तासांनी लघवीला जायचे, लागली नसली तरी. झोपताना एकदा, आणि दात घासून, कपडे बदलून पुन्हा एकदा. कमोड असेल तर पायांखाली पाट हवा. पाय लोंबकळत असले की खालचे स्नायू सैल पडत नाहीत आणि लघवी मागे राहते. घाण टाळायला अर्धवट उभ्याने उरकणाऱ्या मुलींचेही हेच होते.

बद्धकोष्ठाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ‘रोज जातो’ एवढ्यावर समाधान मानू नये. खडे पडतात का, जोर करावा लागतो का, चड्डीला डाग लागतात का, हे विचारावे. मलाने फुगलेले आतडे मूत्राशयाला मागून दाबते. पोट साफ राहू लागल्यावर, दुसरे काहीही न करता, बऱ्याच मुलांची अंथरुणे कोरडी होतात. संत्र्याचा रस काढून न देता फोडी खाऊ घालाव्यात, चोथा त्यातच असतो. डॉक्टरांनी मल मऊ करणारी पावडर दिली असेल तर ती कित्येक आठवडे चालते, तीन दिवसांत ‘झाले बरे’ म्हणून सोडायची नसते.

यानेही भागले नाही तर डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी दोन मोजमापे करता येतात. वयात एक मिळवून ३० ने गुणले की मूत्राशयाची अपेक्षित क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते, आठव्या वर्षी २७०. सुट्टीच्या दोन दिवसांत, सकाळची पहिली सोडून, दरवेळची लघवी मोजपात्रात धरावी. आठ वर्षांच्या मुलाचा सर्वांत मोठा आकडाही १७५च्या खाली असेल तर मूत्राशय कमी धरते. दुसरे मोजमाप रात्रीचे: डायपर लावून सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचे, कोऱ्याचे वजन वजा करायचे, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरून त्यात सकाळची पहिली लघवी मिळवायची. याच वयात बेरीज ३५०च्या वर जात असेल तर रात्री लघवी जास्त तयार होते. पहिल्या प्रकारात बहुधा अलार्म उपयोगी पडतो, दुसऱ्यात औषध.

अलार्म म्हणजे चड्डीला लावायचा छोटा सेन्सर. ओल लागताच वाजतो. पहिले काही आठवडे मूल उठतच नाही, घरातले बाकी सगळे उठतात, आणि बहुतेक जण इथेच कंटाळून तो कपाटात टाकतात. मोठ्या माणसाने मुलाला पूर्ण जागे करायचे, अलार्म त्याच्याच हाताने बंद करून घ्यायचा, लघवीला न्यायचे, चड्डी बदलून सेन्सर पुन्हा लावायचा. चार आठवड्यांत डाग लहान होऊ लागला किंवा उशिरा वाजू लागला तरी ती प्रगतीच आहे. सलग १४ कोरड्या रात्री होईपर्यंत चालू ठेवावा, दोन-तीन महिने धरून चालावे. नागपुरात आणखी एक अडचण, कुलरच्या घरघरीत तो ऐकूच येत नाही. म्हणून थरथरणारा अलार्म घ्यावा किंवा पावसाळा-हिवाळ्यात सुरुवात करावी. झोपेतल्या मुलाला बाराला उचलून नेण्याने चादर वाचते, सवय लागत नाही.

औषध म्हणजे रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी, ती डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यावी. ती घेण्याच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळपास बंद ठेवावे लागते. नाहीतर रक्तातले सोडियम उतरून झटके येऊ शकतात. मे महिन्यात उकाड्याने मध्यरात्री उठून माठाकडे जाणाऱ्या मुलाला ती देताना हे विसरून चालत नाही. ताप किंवा जुलाब असताना ती थांबवावी.

घरगुती उपायांत वेळ घालवू नये अशी काही लक्षणे आहेत. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागणे, दिवसाही चड्डी ओली होणे, जळजळ, बारीक धार, घोरणे, कंबरेखाली खळगा किंवा केसांचा पुंजका. तहान वाढून वजन उतरत असेल तर त्याच दिवशी साखर तपासावी.

शाळांकडून आमची अपेक्षा मोठी नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्येच आला, पिण्याचे पाणी आणि मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे त्यात लिहिलेली आहेत. आता आतून कडी, नळाला पाणी आणि दिवसातून दोनदा सफाई एवढे पाहावे. केरळने २०१९ मध्ये शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, तशी आपल्याकडे मुख्याध्यापकांना उद्याही वाजवता येईल. लघवीची परवानगी नाकारायची नाही, हे शिक्षकांच्या बैठकीत एकदा ठरवून टाकावे. वसतिगृहे आणि आश्रमशाळांत तर अशा मुलाला दोन जादा चादरी, गादीवर रबरी शीट आणि सकाळी इतरांच्या आधी आंघोळीची सोय अधीक्षकांनी गुपचूप करून द्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा वर्गासमोर न विचारता त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावे.

आपल्या,
बालआरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या काही जणी,
नागपूर