गुडघ्याचे दुखणे डोळ्यात

यावल,
रविवार, रात्री

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

होळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल आधी क्षमा मागतो. घरी सर्व ठीक आहेत, आईचा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. हे पत्र वेदासाठी लिहितो आहे.

गेल्या वर्षी तिचा उजवा गुडघा सुजला, तेव्हा कुठेतरी पडली असेल असे धरून आम्ही महिनाभर तेल चोळत बसलो. "लेकराले कुठं वात होतो का?" असे आई म्हणत राहिली आणि मलाही ते पटले. वयाच्या सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे टिकलेली आणि दुसरे कोणतेही कारण न सापडलेली सूज म्हणजे मुलांचा संधिवात, हे शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी समजावले. औषधाने गुडघ्याची सूज उतरली आणि आम्ही पेढे वाटले. परंतु त्यांनी तेव्हाच बजावले होते की, वय लहान, सूज एक-दोन सांध्यांपुरती आणि रक्तातील एएनए (शरीराच्याच पेशींविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधणारी) तपासणी पॉझिटिव्ह, अशा मुलांच्या डोळ्यांत आतल्या आत दाह होऊ शकतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी चुकवू नका.

सुरेश, मी ती चुकवली. केळीची कापणी चालू होती, मजूर मिळत नव्हते, पोरगी अंगणभर पळत होती; तीन महिन्यांचे सात महिने झाले. मंगळवारी तिला नेले. स्टुलावर गुडघे टेकून तिने हनुवटी यंत्रावर ठेवली आणि "डॉक्टरकाका, चॉकलेट डोळ्यात नाही, तोंडात आहे," असे सांगितले, तेव्हा सगळे हसले. मग बाहुली मोठी करणारे थेंब घातले, आणि डाव्या डोळ्याची बाहुली गोल न होता एका बाजूला ओढलेली दिसली, कारण तेवढ्या भागात तिची कड मागच्या भिंगाला चिकटली आहे. डोळ्याच्या आतल्या या दाहाला युव्हायटिस म्हणतात. दाह असाच राहिला तर मोतीबिंदू, काचबिंदू, आणि पुढे नजरही जाऊ शकते. आता स्टेरॉइडचे थेंब दिवसातून अनेक वेळा घालायचे आहेत आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची, दाह आवरणारी मेथोट्रेक्झेटची गोळी सुरू झाली आहे. नजर अजून चांगली आहे, असे डॉक्टर म्हणाले. तेवढ्या वाक्यावर मी पाच दिवस काढले आहेत.

हे तुलाच का लिहितो, ते सांगतो. डॉक्टरांनी वेदाचे दोन्ही पाय मोजले, तर सुजलेल्या गुडघ्याचा पाय किंचित लांब निघाला. वाढत्या वयात दाहामुळे गुडघ्याजवळच्या हाडाला रक्तपुरवठा वाढतो आणि ते हाड भराभर वाढते. ते ऐकताना मला थेट तू दिसलास. एका पायाला बाबांची उंची आली आणि दुसऱ्याला आईची, असे तूच सांगायचास. सकाळच्या कवायतीला लंगडणारा सुरेश दुपारी खो-खो खेळतो म्हणजे सोंग करतो, अशी तक्रार गुरुजींकडे मी केली होती, आणि तू वर्षभर माझ्याशी बोलला नव्हतास. या आजारात सांधे सकाळी आखडतात आणि हालचालीने मोकळे होतात, हे मला आज वेदा रोज सकाळी भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाताना दिसते. तुला तेच होते की दुसरे काही, हे मी ठरवू शकत नाही, पण ती तक्रार मी आज मागे घेतो.

वहिनींची बदली झाली का? चिरंजीवांचा बारावीचा निकाल कळव. पावसाळ्यात सवड काढून ये, भरीत आणि कळण्याची भाकरी तुझी वाट पाहत आहेत.

पुढची तपासणी येत्या शुक्रवारी आहे. तुझे डोळे कोणी यंत्राखाली कधी तपासले होते का, हे मला परतीच्या पत्रात नक्की लिही. नसतील तर इथे येण्याआधी तपासून घे.

तुझा,
वसंत