कूव्ह्याहून आबांना

कूव्हा, त्रिनिदाद
३१ मे

ती. आबा यांस साष्टांग नमस्कार.

काल इथे सुट्टी होती. १८४५ साली ३० मेला हिंदुस्थानी मजुरांचं पहिलं जहाज इथे लागलं, त्याची आठवण. बहुतेक लोक बिहार-पूर्वांचलाकडचे. आपल्याकडची माणसं मॉरिशसला गेली.

तुम्ही फोनवर विचारलंत, तिकडचा ऊस कसा आहे? आबा, ऊस राहिलाच नाही. २००३ साली सरकारी साखर कंपनीने हजारो कामगार घरी बसवले, पुढे काही वर्षांत गाळपही थांबलं. फडांत आता गवत माजलंय आणि दुकानात साखर बाहेरून येते.

पण मला लागलं ते वेगळंच. गुलामगिरी संपली तेव्हा इंग्रज सरकारने मळेवाल्यांना २ कोटी पौंड भरपाई दिली. त्यासाठी काढलेलं कर्ज २०१५ पर्यंत फिटत होतं! सुटलेल्या गुलामांना मात्र वीतभर जमीनही नाही. मग त्याच मळ्यांवर आपले लोक करारावर आणले. त्यांची हिंदू पद्धतीची लग्नं १९४६ पर्यंत कायद्याने मानलीच नाहीत. बापाच्या पश्चात मुलांनी वारस म्हणून उभं राहायचं कसं?

जवळच वॉटरलूला समुद्रात एक मंदिर आहे. शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने १९४७ साली किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन निघाली साखर कंपनीची. देऊळ पाडलं, त्याला चौदा दिवस तुरुंगात टाकलं. बाहेर आल्यावर तो म्हणे, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही! मग सायकलवरून दगड-सिमेंट नेत, ओहोटीला भर घालत, पंचवीस वर्षं एकट्याने समुद्रात देऊळ उभारलं. काल तिथे गेलो होतो. भरतीचं पाणी पायऱ्यांना लागत होतं, आणि मला तुम्ही बांधावर बसलेले दिसत होतात.

शेजारचे काका कंपनीत ऊस तोडायचे. कंपनी बंद झाली तेव्हा कामगारांना दोन-दोन एकर कबूल केले होते, त्या कागदासाठी कित्येकांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. मी त्यांना सांगितलं, आमचे आजोबा कारखान्याचे सभासद आहेत, ऊस त्यांच्याच रानातला. त्यांनी दोनदा विचारलं, "रान त्यांच्याच नावावर?"

बाबांना सांगून सातबाऱ्याचा फोटो पाठवा. काकांना बघायचाय.

आजीला नमस्कार.

तुमचा नातू