बातमीत पाहुणे सगळे, वाजवणारा कुठंय?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आमच्या इकडच्या संगीत संमेलनाची बातमी आपल्या पेपरात आली, चार कॉलम, वर मोठा फोटो. दीपप्रज्वलन कुणाच्या हस्ते, मंचावर कोण कोण, सूत्रसंचालन कुणाचं, आभार कुणी मानले, सगळं आलं. गायकानं राग कोणता घेतला, तबल्याला कोण होतं, त्याचा पत्ता नाही. शेवटी एक ओळ, 'रसिक मंत्रमुग्ध झाले'. अहो पण कशानं झाले?

हे नुसतं आमच्या गावचं नाही म्हणून लिहायलो. पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च, आगीनंतर ७ डिसेंबर २०२४ ला परत उघडलं तेव्हाही तेच, ट्रम्प आले, झेलेन्स्की आले, मॅक्रॉन बोलले. तिथला ऑर्गन, पाइपांत हवा सोडून वाजवायचं ते भलं मोठं वाद्य, साडेपाच वर्षांनी लोकांपुढं वाजला त्यावर एक अक्षर नाही. मी ते रात्री यूट्यूबवर बघत होतो, आपल्याकडं साडेअकरा वाजून गेलेले, घरचे झोपलेले, म्हणून कानाला हेडफोन.

तिथले आर्चबिशप, म्हणजे मुख्य धर्मगुरू, खाली उभे राहून ऑर्गनलाच हाक मारतात, जागा हो म्हणतात, अशा आठ हाका, आणि दर हाकेला वरून ऑर्गन उत्तर देतो. ही उत्तरं लिहून आणलेली नव्हती बरं का, जागेवर सुचेल तसं वाजवलेलं. नोत्र दामला आता चार ऑर्गनवादक आहेत, त्यातले ऑलिव्हिए लात्री १९८५ पासून तिथं आहेत आणि तिएरी एस्केश, जे स्वतः नावाजलेले संगीतकार, ते २०२४ मध्ये आले. आपल्याकडं लोक समजतात की चर्चचं संगीत म्हणजे सगळं कागदावर बघून. त्या फ्रेंच लोकांत तर ऐनवेळी हातात दिलेल्या चार सुरांवर अख्खी रचना उभी करायची रीतच आहे. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला यात परकं काय वाटायचंय?

आणि वाद्य केवढं! जवळपास ८,००० पाइप, हाताचे पाच कीबोर्ड एकावर एक, खाली पायाचा वेगळा. आपल्या संगीत नाटकातली पायपेटी, बालगंधर्वांच्या मागं हरिभाऊ देशपांडे वाजवायचे ती, तिलाही ऑर्गनच म्हणायचे, पण तिच्यात पाय फक्त भाता मारतात, सूर धातूच्या पट्ट्यांतून येतो. तिकडं हवा यंत्रानं येते आणि वादकाचे पाय खर्जातले सूर वाजवतात, व्हिडिओत बुटांकडं बघत राहावं असं काम. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत ऑर्गन जळाला नाही, पण छतावरचं शिसं वितळून त्याची धूळ सगळीकडं बसली, म्हणून पाइप काढून साफ केले, परत बसवले, आणि मग सूर जुळवायचं काम रात्री, बाकीची ठोकाठोक बंद असताना. तंबोरा लावताना शेजारी कुणी खुर्ची सरकवली तर गवयी कसा बघतो ते आठवा.

याच ऑर्गनवर लुई व्हिएर्न हे वादक १९०० पासून होते, जन्मापासूनच दृष्टी फार अधू. २ जून १९३७ ला त्यांचा कार्यक्रम चालू होता, १७५० वा म्हणतात, स्वतःची रचना वाजवून झाली, मग ब्रेलमध्ये दिलेल्या एका धुनेवर आयत्या वेळी वाजवायचं होतं, कुठले पाइप बोलवायचे ते ठरवून झालं आणि तिथंच कोसळले. पाय खालच्या पट्टीवर पडला आणि एकच खर्ज घुमत राहिला असं सांगतात. कीर्तनात उभ्या उभ्या बुवा गेले की आपल्याकडं त्याला भाग्य म्हणतात, व्हिएर्नचीही तशीच इच्छा होती. आता सांगा, हे वाचायला लोकांना आवडलं नसतं का? ट्रम्प कुठल्या खुर्चीत बसले ते दिवसभर टीव्हीवर दिसलंच होतं.

आमचा हा अंबाजोगाई तालुका म्हणजे शंकरबापू आपेगावकरांच्या पखवाजाचा. इथं ऐकणारे कमी नाहीत, अभंगाला साथ कुठं ढिली पडली ते मागच्या रांगेतला माणूसही सांगतो. तुमच्या वार्ताहराला दोष देत नाही, त्याला एका संध्याकाळी तीन कार्यक्रम उरकायचे असतात, फोटो झाला की तो निघतो, आणि बातमी आयोजकांच्या प्रेसनोटवरूनच होते, प्रेसनोट लिहिणाऱ्याला पाहुण्यांचीच काळजी.

म्हणून एवढंच मागणं आहे. प्रत्येक संगीत कार्यक्रमाच्या बातमीत चार ओळी राखून ठेवा: काय गायलं-वाजवलं, साथीला कोण, आणि एखादी जागा जी ऐकताना आवडली. वार्ताहर थांबू शकत नसला तर गावातल्या एखाद्या संगीत शिक्षकाला सांगा, तो शेवटपर्यंत बसतोच, फोनवर सांगून टाकेल. मान्यवरांची यादी छोट्या टायपात घेतली तर जागाही निघेल, नाराज झाले तर माझं हे पत्र दाखवा.

कळावे,
आपला एक नेहमीचा वाचक, अंबाजोगाई