सेफ्टीची फी नेमकी कोणाकडून घ्यायची?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

कारखान्यात माणूस जखमी झाला की बातमीच्या शेवटी एक ओळ असतेच, कारखान्याकडं लायसन्स होतं, सर्टिफिकेट होती, फी भरलेली होती. ही ओळ वाचली की माझा जीव तळमळतो, कारण मी १९ वर्षं एका जिनिंगमधे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, फिटर होतो आणि ही कागदपत्रं कशी तयार होतात ते डोळ्यांनी पाहिलंय. आता माझी दारव्हा तालुक्यात छोटी दाल मिल आहे, ९ माणसं कामाला, म्हणजे मी कामगार म्हणून पण बघितलं अन् मालक म्हणून पण बघतोय.

आधी २०११ च्या सीझनची गोष्ट सांगतो. जिनचा रोलर बदलायचा तर तो वजनदार असतो, चेन पुली ब्लॉकनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, उचलावा लागतो. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम २९ मधे लिहिलेलं होतं की असं उचलायचं सामान, साखळ्या वगैरे, १२ महिन्यातून निदान एकदा कॉम्पिटंट पर्सनकडून तपासून घ्यायचं. आता हा कॉम्पिटंट पर्सन बरेचदा खाजगी माणूस असतो, मान्यता खात्याची पण बोलावतो मालक, पैसे देतो मालक. आमच्याकडं जो आला त्याची फी नगावर होती, एका नगाचे एवढे असं. तो ऑफिसात बसला, चहा घेतला, मागच्या वर्षीची यादी पुढ्यात घेतली आणि तासाभरात सगळ्या नगांच्या फॉर्मवर सह्या करून गेला, शेडमधे पाय पण ठेवला नाही. मी सुपरवायझरला म्हटलं की दोन नंबर ब्लॉकची कडी घासली आहे, हूक फाकलाय, तर तो म्हणे, "सर्टिफिकेट आलं न भाऊ, पैसे भरले न, मंग कायचा भेव?"

जानेवारीत तोच ब्लॉक सटकला आणि रोलर माझ्या हेल्परच्या उजव्या हातावर आला. तीन बोटं गेली. चौकशी झाली तेव्हा सर्टिफिकेट तारखेत निघालं, त्यामुळं दोष कोणाचाच नाही निघाला. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय की त्या सहीचे पैसे गेले ते नेमके कशाचे गेले.

आपल्याकडं सुरक्षेच्या नावानं फी कशी घेतात बघा. कारखान्याचं लायसन्स औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय देते आणि त्याची फी ठरते किती हॉर्सपॉवर अन् किती माणसं यावर. बेल्टवर जाळी आहे का, गियरला गार्ड आहे का, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. ज्यानं गार्ड लावले तो पण तेवढेच भरतो, ज्यानं नाही लावले तो पण तेवढेच, उलट लावणाऱ्याला लोखंडाचा अन् वेल्डरचा खर्च वरून. मग जो प्रामाणिक आहे तो खरी तपासणी करायला सांगतो, दिवसभर मशीन बंद ठेवतो, त्याचं नुकसान जास्त. जो कागदावर भागवतो त्याला स्वस्त पडते. ही फी घ्यायची पद्धतच निष्काळजी माणसाच्या फायद्याची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी पोरगी नागपुरात सेफ्टीचा डिप्लोमा करते, तिनं मला ब्रिटनमधली पद्धत समजावून सांगितली आणि ती मला पटली. तिथल्या कामाच्या जागेची सुरक्षा बघणाऱ्या एचएसई नावाच्या सरकारी संस्थेनं १ ऑक्टोबर २०१२ पासून असं केलं की इन्स्पेक्टर आला, त्यानं पाहिलं आणि सगळं नीट असलं तर एक पैसा फी नाही. पण कायद्याचा ठळक भंग दिसला आणि इन्स्पेक्टरनं तसं लेखी कळवलं, तर त्या भेटीला, पत्र लिहायला, पुन्हा येऊन बघायला जेवढे तास गेले त्याचं बिल त्या मालकावर. सुरवातीला तासाला १२४ पाउंड होते, २०२४ च्या एप्रिलमधे १७४ झाले होते, म्हणजे तेव्हाचे आपले १८ हजाराच्या वर, तेही एका तासाचे! तपासणीचा खर्च ज्याच्यामुळं वाढला त्यानंच भरायचा, साधा हिशोब आहे.

आता कोणी म्हणेल की आपल्याकडं असं केलं तर इन्स्पेक्टरला वसुलीचं नवीन हत्यार मिळेल. ही भीती मला पण वाटते, खोटं कशाला बोलू. आणि तिथं पण वाद झालाच की. २०१४ मधे त्यांच्याच सरकारनं नेमलेल्या मार्टिन टेंपल यांच्या अहवालात या फीवर टीका होती, कारण नियम पाळून घेणाऱ्या खात्याची कमाई चुका सापडण्यावर अवलंबून राहिली तर लोकांचा त्या खात्यावर विश्वास राहत नाही. आधी बिलावर तक्रार केली तर ऐकणारे पण बरेचसे त्याच संस्थेतले होते, मग एक कंपनी कोर्टात गेली आणि सप्टेंबर २०१७ पासून तक्रारीसाठी स्वतंत्र पॅनल आलं, अध्यक्ष वकील आणि बाकी दोघं सुरक्षेचा प्रत्यक्ष अनुभव असलेले. हे पॅनल आपल्याकडं पहिल्या दिवसापासून पायजे, आणि बिलाचे पैसे थेट सरकारी तिजोरीत, कोणाच्या हातात रोख नाही. एवढं असलं तर मी मालक असून म्हणतो की आणा हा नियम.

कामगाराच्या खिशाचं पण बोलायला पायजे. आम्ही जिनिंगमधे होतो तेव्हा नाकाच्या मास्कचे आणि बुटाचे पैसे हप्त्याच्या मजुरीतून कापायचे. कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांकडून पण! रुईची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो, तो कायद्याच्या यादीतला आजार आहे, आणि त्या धुळीपासून वाचायचं फडकं सुद्धा त्या बाईनं स्वतःच्या मजुरीतून घ्यायचं. फॅक्टरी ॲक्टच्या कलम ११४ मधे सरळ लिहिलेलं होतं की मालकानं द्यायच्या सोयीचे किंवा साधनाचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. मला हे कलम नोकरी सोडल्यावर कळलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या ॲक्टच्या जागी कामगारांच्या सुरक्षेचा अन् आरोग्याचा नवीन कायदा, म्हणजे कोड, लागू झाला त्यात पण तेच आहे, सुरक्षेच्या वस्तूचे नाहीत आणि मेडिकल तपासणीचे पण नाहीत. हे प्रत्येक जिनिंगच्या गेटवर मराठीत मोठ्या अक्षरात लावायला लावा, याला तर काही फी पण लागत नाही.

याच नवीन कोडात पॉवरवर चालणाऱ्या युनिटला कारखाना धरायचा आकडा केंद्राच्या जुन्या कायद्यातल्या १० माणसांवरून २० वर नेलाय. आमच्या भागातल्या दाल मिल, ऑइल मिल, छोट्या जिनिंग बघा, किती जण २० च्या आत बसतात. लायसन्सची फी वाचली म्हणून मालक खूष आहेत पण बेल्टला काय कळते माणसं १२ आहेत का २२?

छोट्यांना सवलत जरूर द्या, पण ती तपासणीपासून सुटका देऊन नको, फीमधे द्या. स्फोटकं आणि पेट्रोलियमची लायसन्सं देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, २०२४ मधे त्यांच्या लायसन्स फीमधे महिला उद्योजकांना ८० टक्के आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना ५० टक्के सूट जाहीर झाली होती. तसं इथं का नाही होऊ शकत? सल्ला मागितला तर फी शून्य, चूक सापडली आणि सांगून पण सुधारली नाही तर तासाचं बिल. नागपूरजवळच्या बाजारगावला स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला स्फोटात ९ जण गेले, भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला ८ जण गेले, नंतर मदतीचे आकडे सगळीकडं छापून आले, पण अशा ठिकाणी आधीच्या वर्षात तपासणीवर कोणाचे किती तास गेले हे कधी छापून येत नाही. तुम्ही पत्रकार लोक हे विचारू शकता, आम्हाला कोणी उत्तर देत नाही.

मागच्या महिन्यात मी स्वतः एका ऑफिसात गेलो होतो, म्हटलं माझ्या मिलमधे येऊन धान्य वर नेणारं एलिव्हेटर अन् बेल्टचे गार्ड बघून जा, चुकलं असेल तर सांगा. खिडकीवरचा माणूस बोलायला चांगला होता पण म्हणे तुमची माणसं कमी, तुम्ही आमच्यात बसत नाही, आणि अशा कामाची फी किती ते आमच्या तक्त्यात नाही. तूर बाजारात आली की मिल सुरू होईल, त्याआधी कोणीतरी जाणकार माणूस येऊन शेडमधे फिरून बघावं एवढंच माझं म्हणणं आहे, त्याची जी काय फी बसत असेल ती पावती घेऊन भरायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ