मंत्रिमहोदय, आमचे साडेबारा मीटर कुठे गेले?

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

स.न.वि.वि.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या शुक्रवारी तुमच्या खात्याच्या एका कार्यालयाकडून मला टपालाने उत्तर आलं. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथे माझी आणखी कामं अडकलेली आहेत. उत्तर तीन ओळींचं. मूळ अभिलेख जीर्ण झाल्याने हद्द कायम करता येत नाही. मालमत्ता पत्रकावरील क्षेत्र प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे दुरुस्त करण्यात आले आहे. हरकत असल्यास सक्षम न्यायालयात दाद मागावी. खाली गोल शिक्का. शिक्का मात्र अजिबात जीर्ण नाही, ठसठशीत उमटलाय.

‘गणपतीनंतर फेरमोजणी करून देतो’ असं तिथल्या साहेबांनी मला तोंडावर सांगितलं होतं. गणपती गेले, नवरात्र गेलं, आणि हे आलं.

आपण कामाच्या गडबडीत असाल, तरी एवढं समजावून सांगावं. हद्द कुठे आहे हे खात्याला ठाऊक नाही, पण त्या हद्दीच्या आतली जागा कमी झाली हे दशांशापर्यंत ठाऊक आहे, हे कसं? आमच्या दस्तात ४१२ चौरस वार. मीटरमध्ये ३४४.५. नव्या पत्रकावर ३३१.९. म्हणजे १२.६ चौरस मीटर, सुमारे एकशे पस्तीस चौरस फूट, हवेत. भायखळ्यात एवढ्या जागेत एक अख्खं बिऱ्हाड राहतं, कधीकधी पोटभाडेकरूसकट.

ही जागा आम्ही काल-परवा बळकावलेली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्ड बांधून समुद्र अडवला, तेव्हा आतल्या बाजूला खारट, चिखलाची जमीन उरली. ती लोकांना कमी साऱ्यावर दिली, अट अशी की भर घाला आणि लागवडीला आणा. ही फोरास धारणा, म्हणजे जमीन धरण्याची रीत. फोरास रोड हे नाव ऐकून हसणाऱ्यांना हे माहीत नसतं. १८५१ च्या कायद्याने त्या धारकांचे हक्क पक्के झाले, १९६९ च्या कायद्याने फोरास, पेन्शन अँड टॅक्स वगैरे खास धारणा मोडीत निघाल्या. भर घालणारे हात कुणाचे होते ते कुठल्याच कायद्यात नाही, असो.

आमचा दस्त वाचायला घेतला तर पहिली अर्धी पानं नंबरांचीच. कलेक्टरचा जुना नंबर, कलेक्टरचा नवा नंबर, लॉटन सर्व्हे नंबर, कॅडेस्ट्रल सर्व्हे नंबर, विभाग भायखळा. प्रत्येक पिढीच्या साहेबाने मुंबई नव्याने मोजली. डिकिन्सन आणि टेट यांची मोजणी १८२७ पर्यंत पुरी झाली. मग १८६५ ते १८७२ लॉटन. मग १९१५ चा मुंबई सिटी सर्व्हे कायदा आणि त्यानंतरचे सी. एस. म्हणजे कॅडेस्ट्रल सर्व्हे नंबर, जे आपण आजही प्रत्येक कागदावर लिहितो. एवढ्या साहेबांनी मोजलं, पण आमचे साडेबारा मीटर कोणाच्याही हातून सांडले नाहीत. ते सांडायला उपग्रह, त्यावर चालणारं रोव्हर हे मोजणीयंत्र आणि स्वतंत्र भारताचा भूकरमापक लागला.

भूकरमापक पोरगा तसा बरा होता. भर पावसात आला. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे, तिथल्या कंत्राटदाराने आमच्या बाजूची जुनी दगडी भिंत पाडून पत्रे ठोकलेत, कुठे ते तुम्ही ओळखलं असेलच. पोराने पत्र्यापर्यंत मोजलं. मी म्हटलं, अहो, भिंत इथे होती, हा पाया बघा. तो म्हणाला, ‘काका, मला वहिवाट दिसते ती मी घेतो.’ वहिवाट! महिनाभराच्या पत्र्याची वहिवाट आणि आमच्या पाच पिढ्यांची भाकडकथा.

तेव्हापासून माझी झोप गेली आहे. रक्तदाबाची गोळी अर्धीची एक झाली. ते जाऊ द्या. धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो, त्याने पत्रक ऑनलाइन पाहिलं आणि रात्री फोन केला: ‘दादा, ते साडेबारा मीटर कुणाला दिलेस?’ साठ वर्षांत आमच्यात पैशावरून शब्द झाला नव्हता. आता तो दिवाळीला येणार नाही म्हणतो. बायको म्हणते, सोड, तेवढ्यासाठी जीव द्यायचा का. माझ्या जिवाचं क्षेत्र तुमच्या पत्रकात किती धरलंय ते एकदा कळवावं.

झोप नाही म्हणून वाचतो. इंग्रजांची मोजणी वाचत बसलो, आणि राग वाढला, पण तो इंग्रजांवर नाही. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८३० च्या आसपास पुण्याकडे मोजणी केली. कागदावर फार शास्त्रशुद्ध, निव्वळ उत्पन्नाचे हिशेब वगैरे. प्रत्यक्षात आकडे खोटे, सारा झेपेना, लोक जमिनी टाकून निघून गेले. मग काय केलं? गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना इंदापुरात बसवलं, १८३५-३६ पासून सगळं पुन्हा मोजलं, सारा उतरवला आणि तीस वर्षांची हमी दिली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. आजही गावाकडे गुंठा म्हणजे त्याच साखळीचा चौरस, १०८९ चौरस फूटच. ही काही त्यांची दया नव्हती. गाव ओस पडलं की वसुली बुडते, म्हणून चूक सुधारली. आणि तीस वर्षं संपताच १८६७ मध्ये इंदापुरात साराही भरमसाट वाढवला. १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या पेटल्या त्यामागे तेही एक कारण. लुटारूच होते. पण लुटारूला निदान माल नीट मोजावा लागतो.

तुम्हाला माझं क्षेत्र चुकल्याने काय तोटा? काहीच नाही. हाच सगळा घोळ आहे. खाली ऐका.

ज्या आठवड्यात हे उत्तर आलं, त्याच आठवड्यात जमीन महसुलाची मागणी नोटीसही आली. ती किती क्षेत्रावर? ३४४.५ चौरस मीटर! एकाच खात्याच्या एका टेबलावर माझी जमीन आखडली, दुसऱ्या टेबलावर जशीच्या तशी आहे. घेताना पूर्ण, देताना जीर्ण.

गुजरातेत बारडोलीला १९२८ ला इंग्रज सरकारने २२ टक्के वाढ लादली होती. शेतकऱ्यांनी सारा भरायचा नाकारला, तेव्हा ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे सरकारी अधिकारी चौकशीला बसले आणि वाढ ६.०३ टक्क्यांवर आली. परकं सरकार, तरी स्वतःच्या अधिकाऱ्यांचा हिशेब चुकला हे कागदावर लिहून देतं. माझ्या तीन ओळींच्या उत्तरात चूक हा शब्दच नाही, ‘दुरुस्त’ आहे.

माझ्या मागण्या थोड्याच आहेत. लॉटनचे नकाशे आणि त्यानंतरचे सर्व्हे तक्ते जीर्ण झाले असतील तर ते कुणाच्या ताब्यात असताना झाले, हे लेखी द्या. जे शिल्लक आहे त्याची छायाप्रत द्या. अभिलेख खात्याने खराब केला असेल तिथे फेरमोजणीचा खर्च खात्याने सोसावा, अर्जदाराने का म्हणून? आणि मूळ दस्त, जुना पाया, शेजाऱ्यांचे जबाब न घेता क्षेत्र कमी करायचा अधिकार कुठल्या कलमाने वापरला, तेही कळवा.

कोर्टात जा म्हणता. मुंबईच्या दिवाणी दाव्याला किती वर्षं लागतात ते आपल्या विधी खात्याला विचारा. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. हद्द कायम होईपर्यंत मी स्वतः कायम राहायला हवा ना.

आणि खरं सांगायचं तर यात माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. या शहरात छोट्या माणसाची जमीन नेहमी मोजताना कमी भरते आणि मोठ्याची मोजायचीच राहते. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन घ्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात तिचे तीन वाटे होते: एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये एका शब्दाची कारागिरी झाली, वाटणी फक्त मोकळ्या जागेची राहिली, आणि कामगारांच्या घरांचा, मुलांच्या मैदानांचा वाटा आटून गेला. तिथे नव्हतं काही जीर्ण? तिथे कुणाला सक्षम न्यायालयात पाठवलंत? गेलेच लोक न्यायालयात, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, २००६ मध्ये हरून परत आले. कोळीवाड्यांच्या आणि गावठाणांच्या सीमांकनाचं प्रत्येक निवडणुकीला ऐकतो. कुठल्याही पक्षाचा मंडप असो, भाषण तेच. सीमा आखायला खडू लागतो, इच्छा लागते, आणि समोर बिल्डर नसावा लागतो.

तर महसुलाचं एवढंच. मी यंदाचा भरणा ३३१.९ मीटरच्या हिशेबाने केला आहे, चलन जोडलं आहे. उरलेल्या १२.६ मीटरवरचा सारा, ती जमीन आज ज्याच्या पत्र्यामागे आहे त्याच्याकडून घ्यावा. ते जमत नसेल तर माझ्या नावावर जमीन महसुलाची थकबाकी म्हणून काढा आणि वसुलीला माणूस पाठवा. त्याला माझी हद्द बिनचूक सापडेल.

कळावे,
भायखळा विभागातला एक खातेदार

प्रत: माझ्या धाकट्या भावाला, डोंबिवली