बाबांना दूधसागर खालून दाखवायचाय

मिरज,
१३ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. ऑगस्टात ऑफिसातली पोरं घेऊन दूधसागर धबधब्याला जायचं, घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक स्टेशनला उतरायचं आणि रुळांवरून चालत खाली यायचं, "आपण गेलो होतो तसंच", असं लिहिलंयस. वाचून आधी आनंद झाला, मग पोटात गोळा आला.

तो बोगदा आठवतो ना? कॅसलरॉकहून खाली निघालो होतो आणि बोगद्याच्या मधोमध असताना पायाखालचा रूळ थरथरायला लागला. तू माझी कॉलर धरून भिंतीतल्या त्या कोनाड्यात ओढलंस. जागा एका माणसाची, आत आपण दोघं. मालगाडी संपता संपेना. डिझेलचा धूर नाकातोंडात जात होता आणि तुझी नखं माझ्या दंडात रुतली होती. त्याचे वळ आठवडाभर लांब बाह्यांच्या शर्टाखाली लपवले मी. बाबा तेव्हा गार्ड म्हणून नोकरीत होते. त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

तुझं पत्र वाचल्यावर काल रात्री सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या घाटात सदतीस फुटांना एक फूट उतार आहे. उताराला लागलेली गाडी ब्रेक लावला म्हणून जागच्या जागी उभी राहत नाही. ड्रायव्हरला तुम्ही दिसला असता, तरी त्याच्या हातात काही नव्हतं." नंतर जेवायला बसल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात भाजी वाढली. कित्येक वर्षांत असं केलं नव्हतं त्यांनी.

तेव्हा रुळांवरून चालणं नको. तसंही आता त्यावर बंदी आहे. २०२३ च्या जुलैमध्ये असे शेकडो लोक आले, तेव्हा रेल्वे पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या होत्या. तू पुढे होऊन दुसऱ्यांच्या पोरांना त्या बोगद्यात नेऊ नकोस.

त्याऐवजी माझं ऐक. दसरा झाला की आपण जाऊ. तू, वहिनी, मी आणि बाबा.

बाबांचं सांगतो. मीटरगेजच्या काळापासून त्यांनी हा घाट केला. घाटाच्या पायथ्याशी कुळे स्टेशनाला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागायचं, गाडी धापा टाकत वर चढायची आणि धबधब्यासमोरच्या पुलावर आली की तुषार थेट ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात, यायचे. रजिस्टर भिजू नये म्हणून ते शर्टाच्या आत, बनियनवर धरायचे, हे ते अजून छातीवर हात ठेवून दाखवतात. मांडवीचं पाणी तिथं ३१० मीटरवरून टप्प्याटप्प्याने कोसळतं आणि रूळ त्याच्या मधूनच जातात. म्हणजे वरचं पाणी दिसतं, पण पुलाखालून ते कुठं जातं, हे गाडीतून नीट कळतच नाही. काल ते सहज म्हणाले, "खालून कसा दिसतो कोण जाणे." एवढी वर्षं त्याच्या अंगावरून गेलेल्या माणसाने त्याचा पायथा पाहिलेला नाही, सुहास! रात्री मला झोप आली नाही.

बेत असा आहे. तू पुण्याला गोवा एक्सप्रेसमध्ये बस, आम्ही मिरजेला चढतो, डबा एकच ठेवू. जाताना घाट अंधारात जातो, त्यामुळे झोपून घ्यायचं. पहाटे कुळ्याला उतरायचं, स्टेशनबाहेर चहा घ्यायचा आणि उजाडल्यावर जीपच्या रांगेत लागायचं. पावसाळ्यात जीप बंद असतात, ऑक्टोबरात सुरू होतात, आणि तेव्हा पाणीही अजून भरपूर असतं. अभयारण्यातून तासाभराचा रस्ता आहे, वाटेत जीप पाण्यातूनच जाते. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, कुरकुर करू नकोस. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नकोस, माकडं ओढून नेतात.

दुपारनंतर तांबडी सुर्लाला जाऊ. कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, काळ्या दगडाचं, रानात एकटं उभं आहे. वहिनींना जुनी देवळं आवडतात, म्हणून हे खास त्यांच्यासाठी. मुक्काम जवळच्या मोले गावात. दुसऱ्या दिवशी दुपारची परतीची गोवा एक्सप्रेस. ती उजेडात घाट चढते. तेव्हा खिडकी बाबांची. कोणत्या बाजूची घ्यायची ते तेच सांगतील.

आता तुझी खरी गरज कुठे आहे ते लिहितो. जीप थांबते तिथून पुढे धबधब्यापर्यंत दगडांवरून चालावं लागतं. दगड मोठे, गुळगुळीत, काहींवर शेवाळ. बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत, डावा गुडघा धरतो. मी एकटा त्यांना नेऊ शकणार नाही. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तू. बाहेरच्या कुणाचा हात ते धरणार नाहीत. तुझा धरतील.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑगस्टातच तिकिटं काढावी लागतील. बाबांचा पास आहे. तुमच्या दोघांच्या तारखा मला या आठवड्यात कळव. आणि येताना सपाट तळव्यांचे बूट घालू नकोस, खाचांचे जुनेच आण.

बोगद्याचं मी सांगून टाकलंय हे लक्षात असू दे. बाबा तुला त्याबद्दल विचारतील. कॉलर कुणी ओढली, हेही मी त्यांना सांगितलंय.

तुझा,
विनय